आज बसायचंय, मग गोळी चुकवू का?

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं छोटंसं मेडिकल आहे, बावीसेक वर्षं झाली काउंटरला उभा राहून, आणि हा वरचा प्रश्न मी किती वेळा ऐकलाय त्याची मोजदाद नाही. विचारणारा आधी इकडेतिकडे बघतो, दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर उगाच बाम नायतर इनो मागतो, ते गेलं की मग काउंटरवर वाकून हळूच, "रे भावा, आज जरा बसूचा आसा. ती रातची गोळी घेव काय नको?" शिमगा, गटारी, थर्टी फर्स्ट, कोणाचं तरी लग्न ठरलं, मुंबईचा मित्र आला, कारणं बदलतात, प्रश्न तोच. आणि बहुतेकांनी उत्तर घरूनच ठरवून आणलेलं असतं, की दोन्ही एकत्र घेऊ नये म्हणतात ना, मग आज एक सोडू, दारू सोडवत नाही तर गोळी सोडू. ऐकायला हिशोब बरोबर वाटतो. पण साफ चुकतो, आणि कुठे चुकतो तेच आज जरा सावकाश लिहितोय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, तेव्हा तुमचा डोस किती असावा ते मला विचारू नका, पण ह्या दोघी पोटात गेल्यावर एकमेकींशी कशा वागतात ते सांगू शकतो.

सगळ्यात आधी, "डोक्याची गोळी" असं एकच काही नसतं. झोपेची आणि घाबरटपणाची वेगळी, डिप्रेशनची वेगळी, बायपोलर म्हणजे मूड वर-खाली होणाऱ्या आजाराची वेगळी, भास होतात संशय येतो त्याची वेगळी, आणि दारू सोडवायची तर अजूनच वेगळी. प्रत्येकीचं दारूशी भांडण निराळं आहे. काहींचं त्याच रात्री मारामारीवर येतं, काहींचं वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसतं.

आता हिशोब. लोकांना वाटतं गोळी म्हणजे बल्बसारखी, बटण बंद केलं की गेली. पण औषध रक्तातून उतरतं ते ओहोटीसारखं, हळूहळू, आणि समुद्राची ओहोटी सहा तासांत होते, ह्यांची होत नाही. क्लोनाझेपाम, जी आमच्याकडे झोपेसाठी आणि टेन्शनसाठी भरपूर चालते, तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. निम्म्यावर हां, शून्यावर नाही. डायझेपामचं तर शरीरात गेल्यावर दुसरं एक औषध तयार होतं आणि ते अजून जास्त दिवस रेंगाळतं. डिप्रेशनची फ्लुऑक्सेटीन रोज घेणाऱ्याच्या अंगात निम्मी व्हायला चार ते सहा दिवस घेते. म्हणजे आज रात्रीची गोळी तुम्ही चुकवलीत तरी कालची, परवाची, तेरवाची बसलेलीच आहे आत, पहिल्या पेगची वाट बघत. धोका होता तिथेच राहिला, वर आजचा डोस बुडाला. असं महिन्यातून चार-पाच वेळा करणारा माणूस मग मलाच येऊन सांगतो की ह्या गोळ्यांनी काय फरक नाय रे, डॉक्टर बदलूक व्हयो.

आणि उलट्या बाजूने दारूचा हिशोबपण लोकांना माहीत नसतो. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम. लिव्हर तासाला काढतं अंदाजे ७ ते १० ग्रॅम. आता दाभोळची फेरीबोट डोळ्यासमोर आणा, ह्या बाजूला धोपावे, पलीकडे दाभोळ, मध्ये वाशिष्ठीची खाडी. मे महिन्यातल्या रविवारी कितीपण गाड्या लाईनीत लागू देत, बोट एका फेरीत जेवढ्या नेते तेवढ्याच नेणार, मागच्याने हॉर्न मारून काही होत नाही. लिव्हरचं तसंच आहे, तुम्ही किती प्यायलात ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तो आपल्या वेगाने जाणार. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, ताक हे सगळं हॉर्न मारणं. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी सहाला पण पूर्ण उतरलेली असेलच असं नाही, म्हणून "रातची दारू रातीक गेली, गोळी सकाळची आसा" हे पण खरं नाही. आणि बिअर म्हणजे दारू नाय असं मानणाऱ्यांसाठी, ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची धरली तर त्यात ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल, म्हणजे छोटे चार पेग. हुर्राक, फेणी, माडी, गावठी, सगळ्यांत अल्कोहोल तेच, फक्त बाटलीवर टक्के छापलेले नाहीत त्यामुळे किती गेली ते पिणाऱ्याला पण कळत नाही. काजूच्या सीझनला हुर्राक सरबतासारखी ओढतात लोक, लिम्का घालून, मीठ-मिरची घालून, आणि मग म्हणतात आम्ही दारू पीत नाही.

ह्याच फेरीबोटीने बऱ्याच गोळ्यांना पण जायचं असतं, आणि इथे एक गंमत आहे (गंमत म्हणजे दुसऱ्याच्या बाबतीत गंमत). एखादा कधीतरी पिणारा माणूस एका रात्री भरपूर प्यायला तर बोट दारूनेच भरते आणि काही गोळ्या काठावर अडकतात, म्हणजे रक्तात त्यांचं प्रमाण वाढतं, अमिट्रिप्टिलीनचं असं होतं. रोज पिणाऱ्याचं मात्र उलटं, त्याच्या लिव्हरने गर्दी बघून जादा बोटी लावलेल्या असतात, त्यामुळे तो ज्या दिवशी शुद्धीत असतो त्या दिवशी काही गोळ्या भराभर पलीकडे जातात आणि असर कमी पडतो. मग तो आपल्या मनानेच दोन गोळ्या घ्यायला लागतो. आणि पुढे काही वर्षांनी लिव्हर खराब झालं की बोटीच बंद पडतात, तेव्हा त्याच दोन गोळ्या चारच्या ताकदीने बसतात. एकच माणूस, एकच गोळी, तीन वेळेला तीन तऱ्हा.

आता सगळ्यात घातक जोडी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, ह्या एकाच घरातल्या बहिणी. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम ब्रेक लावणं, धडधड कमी करा, विचार कमी करा, झोपा आता. ह्या गोळ्या तो ब्रेक जोरात दाबतात. दारू पण तोच ब्रेक दाबते, शिवाय मेंदूला जागं ठेवणारं जे दुसरं रसायन आहे ग्लुटामेट त्याचा ॲक्सिलरेटर पण ढिला करते. म्हणजे आंबा घाट चढताना एकाच ब्रेकवर दोन माणसांनी पाय ठेवले आणि तिसऱ्याने पेट्रोल कमी केलं. गाडीचं काय होणार, बंद पडणार. माणसाच्या बाबतीत जे बंद पडतं ते म्हणजे श्वास. श्वास घ्यायचा हुकूम मेंदूच्या तळातून सुटतो आणि झोपेतसुद्धा तो सुटत राहतो म्हणून आपण सकाळी उठतो, तोच हुकूम ह्या जोडीने मंद होतो. एकट्या गोळीने साधारण डोसला असं सहसा होत नाही, दारू सोबत आली की मात्र जो डोस काल चालला तोच आज जड होऊ शकतो. म्हणून "गेल्या वेळेस घेतली होती, काय नाय झाला" ह्या वाक्यावर माझा अजिबात विश्वास नाही.

आणि ह्यात आठवण पुसली जाते हा वेगळाच प्रकार. दोन पेग आणि अर्धी गोळी झाली की मधले दोन-तीन तास डोक्यात रेकॉर्डच होत नाहीत. आमच्या पंचक्रोशीतला एक गृहस्थ, नाव नको, रात्री गोळी घेतली, आठवत नाही म्हणून परत घेतली, अजून झोप येत नाही म्हणून तिसरी, आणि हे सगळं तीन पेगवर. जीव द्यायचा विचार त्याच्या मनात पण नव्हता. सकाळी बायकोने हलवलं तर उठेना, घोरण्याचा आवाज काहीतरी विचित्र, आणि सासू म्हणाली निजू दे, उतरेल. शेजारचा पोरगा समजूतदार निघाला म्हणून वाचला.

तो "निजू दे, उतरेल" हा शब्द आमच्याकडे फार महाग पडतो, म्हणून इथे थोडा थांबतो. दारू आणि झोपेची गोळी एकत्र गेलेला माणूस हाक मारून, खांदा जोरात हलवून पण डोळे उघडत नसेल, श्वास खूप हळू पडत असेल, मिनिटाला आठ-दहाच्या खाली, किंवा मध्येच थांबून मोठ्याने घुर्र करून सुरू होत असेल, ओठ नखं निळसर, अंग थंड चिकट, तर ती झोप नाहीये. १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर झोपवा, वरचा गुडघा दुमडून, तोंड थोडं जमिनीकडे, कारण उताणा असेल आणि ओकला तर ओकारी श्वासनळीत जाते आणि तेवढ्यानेच माणूस जातो. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, ताक नको, लिंबू नको, काहीच पाजू नका, गिळायचं भान नसलेल्याला पाजलेलं सगळं फुप्फुसात जातं. एकट्याला सोडू नका. आणि मी मेडिकलवाला म्हणून हात जोडून सांगतो, घरातल्या सगळ्या स्ट्रिपा उचलून पिशवीत घाला आणि सोबत न्या.

डिप्रेशनच्या गोळ्यांकडे येऊ. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटीन, ह्या आता गावागावात चालतात आणि चांगली गोष्ट आहे, पूर्वी लोक लपवायचे. ह्यांची दारूशी मारामारी वरच्या बहिणींसारखी त्याच रात्री सहसा होत नाही, खरं आहे ते, उगाच घाबरवत नाही. गुंगी वाढते, तोल जातो, आणि ह्या गोळ्यांनी रक्त थोडं पातळ वागतं तर दारूने पोटाचं अस्तर सोलवटतं, त्यामुळे पोटातून रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, त्यात सकाळी डोकं दुखतं म्हणून पेनकिलर टाकली की अजून. काळी चिकट संडास झाली तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका. पण माझ्या मते मोठा तोटा तिसराच आहे. ही गोळी लागू पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, माणूस रोज एक एक पायरी चढत असतो, आणि दारू स्वतःच मन खाली ओढणारी वस्तू. संध्याकाळी दोन तास बरं वाटतं, झोप पण पटकन लागते, मग रात्री तीनला टक्क जाग, छातीत धडधड, आणि दुसरा दिवस मेल्यासारखा. तो दुसऱ्या दिवसाचा अंधार आजाराचा की दारूचा हे पेशंटला कळत नाही, डॉक्टरला तर दारूचं सांगितलेलंच नसतं, मग डोस वाढतो. आणि ज्याच्या मनात आधीच जगून काय करू असं येतं त्याचा स्वतःला थांबवणारा जो एक हात असतो तोच दारू सोडवते. असं कोणाला वाटत असेल, स्वतःला किंवा घरच्याला, तर टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्री-बेरात्री चालते, मराठीत बोलता येतं.

मध्येच एक सांगायचं राहिलं, चाकरमानी. गणपतीला, शिमग्याला मुंबईहून येतात, बॅगेत सगळं असतं, फरसाण, नवे कपडे, फक्त गोळ्या डोंबिवलीच्या कपाटात. मग सात-आठ दिवस गोळी नाही, रोज संध्याकाळी खळ्यात बैठक, पाचव्या दिवशी चक्कर, डोक्यात शॉक बसल्यासारखं, चिडचिड, रडू. सगळे म्हणतात गावची हवा मानवली नाय. अरे हवा काय करते, गोळी अचानक बंद झालीय. स्ट्रिपचा नुसता फोटो आणि डॉक्टरची चिठ्ठी मोबाईलमध्ये असेल तरी बरंच काम होतं, कारण ह्या गोळ्या चिठ्ठीशिवाय आम्ही देऊच शकत नाही, अल्प्राझोलामसारख्या तर शेड्युल एच वन मध्ये आहेत, रजिस्टरला नोंद करावी लागते, ओळख असो की पाहुणा असो.

लिथियमबद्दल थोडं जास्त लिहितो कारण कोकणात ते जास्त लागू आहे. लिथियम हे एका अर्थाने मीठच, १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरने ते उन्मादाच्या पेशंटना देऊन बघितलं आणि तेव्हापासून आजपर्यंत बायपोलरसाठी त्याच्या तोडीचं औषध मिळणं कठीण. पण त्याची रेघ फार बारीक. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल असलं की औषध, १.५ च्या वर गेलं की विष. म्हणून मध्ये मध्ये रक्त तपासायला सांगतात. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्या नादात लिथियम पण धरून ठेवते. आता आमचा मे महिना आठवा, घामाच्या धारा, काजूच्या बागेत दिवसभर काम, संध्याकाळी हुर्राक, दारूने लघवी जास्त, रात्री एक-दोन ओकाऱ्या, सकाळी डोकं फुटतंय म्हणून डायक्लोफेनॅक नायतर आयबुप्रोफेन, ह्या पेनकिलर पण लिथियम वाढवतात. एकेक गोष्ट सुटी चालून गेली असती, सगळ्या एका दिवसात आल्या. आणि लिथियम वाढल्याची लक्षणं काय, हात जोरात थरथरणं, झोकांड्या, जीभ जड, बोलणं अडखळत, जुलाब, गुंगी. म्हणजे हुबेहूब प्यायलेला माणूस. घरचे म्हणतात सकाळी सकाळी परत घेऊन इलो, आणि ओसरीवर झोपवून ठेवतात. लिथियम घेणारा असा दिसला तर प्यायलाय का हा वाद नंतर, आधी हॉस्पिटल.

व्हॅलप्रोएट, ते पण बायपोलरला देतात, फिटला पण देतात, त्याचा भार लिव्हरवर असतो, दारूचा पण लिव्हरवरच. ड्युलॉक्सेटीनचं तेच, खूप पिणाऱ्याला ती देतच नाहीत. पण डॉक्टरने ती टाळायची कशी, तुम्ही सांगितलंत की "कधीतरी, ऑकेजनली."

भास-संशयाच्या गोळ्या, ओलांझापीन, क्वेटियापीन, क्लोझापीन वगैरे. ह्यांनी गुंगी येते आणि उभं राहताना बीपी एकदम खाली जातं, दारूने पण जातं. जुन्या घरांचं तुम्हाला माहीतच आहे, संडास-न्हाणी मागे, रात्री दोनला लघवीला उठला, पडवीतून खाली उतरायला चिऱ्याच्या तीन पायऱ्या, डोळ्यापुढे अंधारी आली आणि कपाळ चिऱ्यावर. चिरा म्हणजे काय आणि कपाळ म्हणजे काय, कोण फुटणार ते सांगायला नको. साठीच्या पुढचा माणूस असेल तर खुबा मोडतो. आणि गाडी चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू म्हणजे गुन्हा, पण पोलिसांचं ते फुंकायचं मशीन फक्त दारू मोजतं, गोळी मोजत नाही. मशीनमध्ये पास झालेला माणूस गोळीमुळे करूळ घाटात वळणावर झोपू शकतो.

आता जे मला सगळ्यात जास्त छळतं ते. गटारी. आषाढ अमावस्येला सगळे पोटभर पितात आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण म्हणून एकदम बंद. जो वर्षातून चारदा पितो त्याचं काही बिघडत नाही, उलट बरंच आहे. पण त्याच काळात बघा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, खलाशी घरी बसलेले, आणि बसलेला माणूस सकाळपासून सुरू करतो. अशा रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या ब्रेकला सरावलेला असतो आणि तोल सांभाळायला त्याने आपला ॲक्सिलरेटर पार तळाला दाबून ठेवलेला असतो. दारू अचानक काढलीत की ब्रेक गेला, ॲक्सिलरेटर तसाच. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात कापायला लागतात, घाम, ओकारी. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास सुरू होतात, भिंतीवर किडे, कोपऱ्यात माणूस उभा, कोणाला ओळखत नाही, अंगात ताप. आणि श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी असं झालं की आमच्याकडे पहिला शब्द कुठला येतो, बाहेरची बाधा. व्रत मोडलं, राखणदार कोपलो, घाड्याकडे म्हणजे देवस्की करणाऱ्याकडे चला, देवाला गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाण्याला माझी ना नाही, मी पण घालतो, पण ह्या अवस्थेत माणूस दगावू शकतो, आधी दवाखाना, गाऱ्हाणं घरच्या दुसऱ्या कोणीतरी घालावं.

आणि इथेच तो घोळ होतो. दवाखान्यात ह्याला देतात काय, क्लोरडायझेपॉक्साइड नायतर डायझेपाम, सोबत थायमिन म्हणजे बी वन. म्हणजे ज्या बहिणींना मी वर एवढ्या शिव्या घातल्या त्याच. का, तर काढलेल्या ब्रेकच्या जागी तात्पुरता ब्रेक लावायचा आणि रोज थोडा थोडा सोडत पाच-सात दिवसांत काढून घ्यायचा. डॉक्टरच्या देखरेखीत हे जीव वाचवणारं औषध आहे. पण घरी आल्यावर त्याने संध्याकाळी ती गोळी घेऊन वर क्वार्टर मारली तर परत घाटातली गाडी. आणि उलट, जो वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम खातोय त्याने "आज बसायचंय" म्हणून ती झटकन बंद केली तरी फिट येऊ शकते. गोळी चुकवणं म्हणजे सेफ बाजू, असं जे लोकांना वाटतं ते इथे तर पारच उलटं पडतं.

शेवटी ती गोळी, जिच्यासाठी बायका येतात. हळू आवाजात, बहुतेक दुपारी, दुकान रिकामं असताना. "भाऊ, ती दारू सोडवायची गोळी देता काय, आमटीत घालूक. त्यांका कळता नये." डायसल्फिराम. ही गोळी दारूची इच्छा मारत नाही. दारूचं लिव्हरमध्ये आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी, मग लगेच त्याचं साधं ॲसिटेट होतं. ही गोळी दुसरी पायरी अडवते. म्हणजे बोट दाभोळला पोचली आणि जेट्टीच बंद, गाड्या उतरेनात. रबराच्या धंद्यात हे रसायन वापरायचे, तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही हे १९३० च्या दशकात लोकांच्या लक्षात आलं होतं, पुढे डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे ते जंतावरचं औषध म्हणून स्वतःवरच तपासत होते, दारू घेतली आणि दोघांची हालत खराब झाली, १९४८ साली त्यांनी ते छापून आणलं. ज्याने गोळी घेतलीय त्याने दारू घेतली की दहा-वीस-तीस मिनिटांत तोंड लालबुंद, डोकं घणघण, ओकाऱ्या, छातीत धडधड, बीपी खाली. जास्त झालं तर हार्टवर येतं.

ज्याला हे माहीत आहे, ज्याने स्वतः होकार दिलाय, हार्ट आणि लिव्हर तपासून डॉक्टरने दिलीय, त्याला ह्या भीतीचाच आधार होतो, अशी सुटलेली माणसं मी बघितलीत. पण ज्याला माहीतच नाही तो त्या रात्री पण नेहमीसारखा गुत्त्यावर जाणार आणि नेहमीएवढीच घेणार. आमटीतली गोळी म्हणजे न सांगता घातलेला सापळा आहे. आणि ती आज घालून उद्या बंद केली तरी असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. मी त्या बाईला नाही म्हणतो तेव्हा मला बरं वाटत नाही, तिच्या हातावरचे वळ मला दिसतात, पैसे तिने वेगळ्या रुमालात बांधून आणलेले असतात, आणि मी नाही म्हटलं तर "न सांगता दारू सोडवा" वाली पुडी ती कुठून तरी मागवणार, ज्याच्यात काय आहे देव जाणे, हे पण मला ठाऊक असतं. तिला मी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचं सांगतो, की तो नाही आला तरी तुम्ही एकट्या जा. काही जातात.

ही गोळी चालू असलेल्यांनी एक बघा, दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट असली आसवं-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यात थोडं अल्कोहोल तयार झालेलं असतं, बाटलीवर टक्के लिहिलेले असतात. काही खोकल्याची औषधं पण तशीच. बाकीच्या गोळ्यांना त्या दोन चमच्यांनी फार फरक नाही पडत, डायसल्फिरामला पडू शकतो.

तर परत त्या काउंटरवरच्या प्रश्नाकडे. मी काय सांगतो, गोळी ठरल्या वेळेला घे, बसायला जायचं तर जा, सोलकढी घे, चखणा तुझाच. ऐकतात असं नाही. जो म्हणतो नाय रे जमणार, त्याला म्हणतो मग रात्रीची गोळी घ्यायची की नाही हे आत्ता माझ्यासमोर डॉक्टरला फोन करून विचार, कारण क्लोनाझेपामचं उत्तर वेगळं येईल, लिथियमचं वेगळं, मी अंदाजाने सांगणार नाही. नव्वद टक्के लोक तिथेच गळपटतात, कारण डॉक्टरला दारूचं माहीतच नसतं. लाज वाटते. आमच्याकडे कोणाला वेडा ठरवायचं झालं की "ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया" म्हणतात, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून, त्यामुळे डोक्याच्या डॉक्टरकडे जाणं हीच एक लाज, त्यात बेवडा पण ठरायचं ही दुसरी. पण डॉक्टरने ही गोष्ट हजार वेळा ऐकलेली असते हो, तो दचकत नाही. त्याला फक्त आकडा पाहिजे, आठवड्यातून किती दिवस, किती मिली, कुठली, शेवटची कधी. "कधीतरी" हा आकडा नाही.

आणि बोलायला जमतच नसेल तर गोळ्यांच्या स्ट्रिपवर पेनने लिहा, सोम-बुध-शनि, क्वार्टर, आणि ती स्ट्रिप नुसती टेबलावर ठेवा. आमच्या इथला एक तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, तसंच करतो, बोलत काही नाही, रिकामी स्ट्रिप पुढे सरकवतो. मागच्या वेळेला त्याच्यावर फक्त शनि लिहिलेलं होतं.